विष्णुबुवा ब्रह्मचारी : देव अनेक, कोठार एक

यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर, वणी, घाटंजी या भागांतील गोंड समाजात सोयरीक जुळविताना प्रथम पाहिली जाते ती देवांची संख्या. कोणाचे कूळ चार देवांचे, कोणाचे पाच, कोणाचे सहा, तर कोणाचे सात देवांचे. समान देवसंख्येची कुळे परस्परांची भाऊबंद मानली जातात आणि म्हणून त्यांच्यात विवाहसंबंध होत नाहीत. देव किती, हा प्रश्न येथे तत्त्वज्ञांच्या वादाचा विषय नसून समाजाच्या घडणीचा पाया आहे. त्याच जिल्ह्यात कळंबच्या चिंतामणीला नवस बोलणारा भाविक आहे. एका परमेश्वरावाचून अन्य देवतांची भक्ती निषिद्ध मानणारा महानुभाव आहे. मशिदीत नमाज पढणारा मुसलमान आहे. यवतमाळ शहरात तर १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्यास स्थलांतर होईपर्यंत 'युनियन बिब्लिकल सेमिनरी' ही ख्रिस्ती धर्मशास्त्राचे उच्च शिक्षण देणारी संस्था तीस वर्षे नांदत होती.

ही सारी माणसे एकाच बाजारात कापूस विकतात, एकाच एसटीने प्रवास करतात आणि परस्परांच्या देवांविषयी सहसा बोलत नाहीत. न बोलण्यात शहाणपण आहे हे खरे. पण मौन म्हणजे समजूत नव्हे. देव एकच असेल तर इतरांचे देव खोटे ठरतात काय, आणि देव अनेक असतील तर सत्य एक कसे, हा प्रश्न मौनाने सुटत नाही. मराठी मुलखात हा प्रश्न ज्यांनी सर्वांच्या देखत, प्रतिपक्षाला समोर बसवून चर्चेला घेतला, त्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. पंचेचाळीस वर्षांच्या त्यांच्या आयुष्यात धर्माचा वाद आणि भाकरीचा विचार यांची जी सांगड पडलेली दिसते, ती आजही विचारात घेण्याजोगी आहे.

जकात खात्यातून सप्तशृंगीकडे

विष्णु भिकाजी गोखले यांचा जन्म १८२५ साली कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात शिरवली या गावी झाला. वडील लहानपणीच वारले. घरची स्थिती बेताची असल्याने शिक्षण गावातील पंतोजींच्या शाळेपलीकडे फारसे गेले नाही. लहान वयातच दुकानातील नोकरी आणि पुढे कंपनी सरकारच्या जकात खात्यातील नोकरी, असा त्यांचा पोटापाण्याचा मार्ग होता. इंग्रजी शाळेत ते गेले नाहीत आणि शास्त्री-पंडितांच्या पाठशाळेतही त्यांचे रीतसर अध्ययन झाले नाही. पुढे मोठमोठ्या विद्वानांशी वाद घालणाऱ्या या माणसाच्या गाठीशी कोणत्याही प्रकारची पदवी नव्हती. परंतु जकातीच्या नाक्यावर मालाची वजनेमापे, व्यापाऱ्याची हिकमत आणि गरिबाच्या गाठोड्यावर बसणारा कर यांचा प्रत्यक्ष अनुभव त्यांना मिळाला असला पाहिजे. त्यांच्या उत्तरायुष्यातील लेखन वाचताना या अनुभवाचे स्मरण ठेवणे अवश्य आहे.

वयाची पंचविशी उलटण्यापूर्वीच त्यांनी नोकरीचा त्याग केला आणि ते नाशिकजवळच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर तपश्चर्येसाठी गेले. तेथे आपणास ईश्वरी साक्षात्कार झाला व धर्मप्रसाराची आज्ञा मिळाली, अशी त्यांची श्रद्धा होती. डोंगरावरून उतरल्यावर मठ स्थापून शिष्य जमविण्याच्या मार्गाला ते लागले नाहीत. गावोगाव फिरून व्याख्याने द्यावयाची आणि व्याख्यानानंतर कोणीही प्रश्न विचारावा, त्यास उत्तर द्यावयाचे, हा क्रम त्यांनी आरंभिला. कीर्तन-पुराणाच्या परंपरेत श्रोत्याने वक्त्यास अडविण्याची रीत नव्हती. ती विष्णुबुवांनी मुद्दाम पाडली, आणि त्यांच्या कार्याचे वेगळेपण प्रथम येथे दिसून येते. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावे फिरून १८५६ मध्ये ते मुंबईस आले.

वादाची पूर्वपीठिका

मुंबईत तेव्हा धर्मवादाचे वातावरण चांगलेच तापलेले होते. १८१३ च्या सनदेने कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि त्याच वर्षी अमेरिकन मिशनची माणसे मुंबईत उतरली. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आले. त्यांनी मराठी आणि संस्कृत यांचा अभ्यास करून हिंदू, पारशी आणि मुसलमान या तिन्ही समाजांच्या विद्वानांना वादाचे आव्हान दिले. मोरभट दांडेकर यांनी १८३१ मध्ये 'हिंदुधर्मस्थापना' लिहून त्यास उत्तर दिले. विल्सन यांनी लगोलग त्याचे खंडन प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा मुख्य आक्षेप असा की, हिंदूंचे देव अनेक, त्यांच्या कथा परस्परविरोधी, काही कथांतील त्यांचे वर्तन निंद्य. ज्या धर्मात ईश्वर एक नाही त्या धर्मात नीतीलाही एक अधिष्ठान राहत नाही. हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता, आणि अनेक बुद्धिमान तरुणांना तो पटत होता.

या संदर्भात एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. विष्णुबुवा जन्मले त्याच १८२५ साली, त्यांच्याच जातीच्या एका मराठी कुटुंबात, परंतु झाशीकडील मुलखात, नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म झाला. काशीत शास्त्राध्ययन केलेल्या या पंडिताने मिशनऱ्यांचे खंडन करण्याच्या हेतूने ख्रिस्ती ग्रंथ हाती घेतले आणि वादाच्या अखेरीस १८४८ मध्ये स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे षड्दर्शनांवर टीका करणारा ग्रंथही लिहिला. मुंबई इलाख्यात बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये हाच मार्ग धरला. त्यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे विष्णुबुवा ज्या वादात उतरले त्याचे फळ केवळ जयघोष वा टाळ्या नव्हते. त्यात घरे दुभंगत होती, आईबापांना मुलगे आणि बायकांना नवरे दुरावत होते. शब्दांमागे माणसांची आयुष्ये पणास लागलेली होती.

असा वाद मराठीला अगदीच नवीन होता, असेही समजण्याचे कारण नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी देवता आणि परमेश्वर यांत मूलभूत भेद केला. देवता खऱ्या आहेत, त्या आपापली फळे देतात, परंतु मोक्ष देण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराचेच, ही महानुभावांची भूमिका होय. सोळाव्या शतकात एकनाथांनी 'हिंदु-तुर्क संवाद' रचून मूर्ती, अवतार आणि सर्वव्यापी ईश्वर यांविषयी दोन्ही बाजूंची खडाजंगी घडवून आणली आणि शेवटी दोघांची समजूत पटवून त्यांना एकमेकांच्या गळ्यात पडू दिले. परंतु तो संवाद कवीच्या मनात घडलेला होता. मुंबईतील प्रतिपक्षी हाडामांसाचा होता, आणि राज्यकर्त्यांचा धर्म त्याच्या पाठीशी होता.

वाळूवरील सभा

१८५७ च्या जानेवारीत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवांच्या जाहीर सभा सुरू झाल्या. आठवड्यातून एकदा, संध्याकाळच्या वेळी, वाळूवर लोक जमत. एका बाजूस विष्णुबुवा, दुसऱ्या बाजूस मिशनरी आणि त्यांचे एतद्देशीय सहकारी, आणि सभोवती नाना जातिधर्मांच्या श्रोत्यांचा मोठा समुदाय. मे महिन्याच्या अखेरीपर्यंत हा क्रम चालला. उत्तरेतील उठावाच्या बातम्या येऊ लागल्या आणि त्या सुमारास या सभा थांबल्या.

त्यांच्या प्रतिपक्षीयांत जॉर्ज बोवेन हे प्रमुख होते. हा अमेरिकन गृहस्थ तरुणपणी स्वतःच ईश्वरावर श्रद्धा नसलेला होता. पुढे श्रद्धा बसल्यावर तो १८४८ मध्ये मुंबईस आला, मिशनचा पगार घेणे त्याने सोडून दिले आणि गरिबांच्या वस्तीत फकिरासारखे राहून १८८८ मध्ये याच शहरात देह ठेवला. दोघांपैकी एकालाही या वादातून द्रव्य मिळवावयाचे नव्हते. दोघेही विरक्त आणि दोघेही सडेफटिंग. वादास जी प्रतिष्ठा लाभली ती बऱ्याच अंशी या समान त्यागामुळे लाभली. बोवेन यांनी या सभांचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत प्रसिद्ध केला. मराठीतही हे वाद पुढे ग्रंथरूपाने निघाले.

येथे प्राचीन रोमन जगातील एक प्रसंग आठवतो. इ. स. १७८ च्या सुमारास सेल्सस नावाच्या एका ग्रीक विचारवंताने ख्रिस्ती मताविरुद्ध अनेक देवतांच्या उपासनेचे समर्थन करणारा ग्रंथ लिहिला. सम्राटाच्या सुभेदारांचा मान राखल्याने सम्राटाचा अपमान होत नाही, तद्वत लहान देवतांच्या पूजेने परमेश्वराचा अवमान होत नाही, असा त्याचा एक युक्तिवाद होता. त्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने सुमारे सत्तर वर्षांनी त्याचे खंडन करताना जे उतारे घेतले, तेवढ्यावरूनच सेल्सस आपणास कळतो. पराभूत पक्षाचे म्हणणे जेत्याच्या ग्रंथातून शोधावे लागावे, ही पश्चिमेकडील बहुदेवतावादाची शोकांतिका होय. विष्णुबुवांवर ती पाळी आली नाही. छापखाना, मराठी वाचक आणि वादास तयार असलेला प्रतिपक्ष या तिहींच्या योगे त्यांचे म्हणणे त्यांच्याच भाषेत टिकून राहिले.

समर्थनाचे स्वरूप

विष्णुबुवांच्या समर्थनाचा गाभा अद्वैत वेदान्ताचा होता. ब्रह्म एकच आहे. जे जे दिसते ते त्याचेच रूप. म्हणून कोणत्याही रूपात त्याची उपासना केली तरी ती त्यालाच पोचते. मूर्तीची पूजा करणारा दगडाची पूजा करीत नाही, त्या निमित्ताने चैतन्याची करतो. सर्वव्यापी ईश्वर सर्वत्र असेल तर मूर्तीतच तो नाही असे म्हणणे हे त्याच्या सर्वव्यापकतेला मर्यादा घालणे आहे. ईश्वराने एकदा मनुष्यदेह धारण केला असे जे मानतात, त्यांनी तो अनेकदा धारण करू शकतो हे अशक्य का मानावे?

यापुढे जाऊन ते प्रतिपक्षाच्या भूमिकेचीच चिकित्सा करीत. ईश्वराने काहीच नसताना शून्यातून जग निर्माण केले असेल, तर जन्मांध बालक आणि राजपुत्र यांच्या वाट्याला येणाऱ्या विषमतेची जबाबदारी कोणाची? पूर्वकर्म मानले नाही तर ती थेट ईश्वरावर जाते आणि तो पक्षपाती ठरतो. थोड्या वर्षांच्या आयुष्यातील पापाला अनंत काळ नरकवास ही शिक्षा न्यायाची कशी? मुक्तीचा मार्ग एका देशात, एका काळी, एका पुरुषाच्या द्वारेच खुला झाला असेल, तर त्यापूर्वी जन्मलेल्या आणि त्याचे नावही न ऐकलेल्या कोट्यवधी जिवांचे काय? हे प्रश्न आजही धर्मतत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकविले जातात. जकात खात्यातील एका नोकराने ते वाळूवर उभे राहून मराठीत मांडले, ही गोष्ट लहान नव्हे. बोवेन आणि त्यांचे सहकारी यांनीही उत्तरे देताना कसूर केली नाही. जर सर्व काही ब्रह्मच असेल तर पाप करणाराही ब्रह्म, मग सुधारणा कोणाची आणि उपासना कोणी कोणाची करावयाची, असा त्यांचा प्रतिप्रश्न असे. आणि तो अद्वैताच्या मर्मावर बोट ठेवणारा होता.

तथापि, विष्णुबुवांच्या समर्थनाची एक मर्यादा मोकळेपणाने सांगितली पाहिजे. त्यांनी देवांच्या अनेकत्वाचे रक्षण केले ते ते अनेकत्व अखेरीस एकत्वात विलीन करून. सत्य एकच असले पाहिजे, हे प्रतिपक्षाचे गृहीत त्यांनी मान्य केले आणि मग ते एक सत्य आपल्या बाजूस आहे असे दाखविण्याचा प्रयत्न केला. अनेक देव खरोखरच अनेक आहेत, अशी भूमिका भारतीय परंपरेत नव्हती असे नाही. पूर्वमीमांसकांनी जगत्कर्ता एक ईश्वर नाकारूनही यज्ञांतील देवतांचे वेगळेपण ठेवले. सात देवांच्या कुळातील गोंडास आपले सातही देव एकाच तत्त्वाची नावे आहेत असे सांगितले, तर त्याच्या सोयरसंबंधांची सारी व्यवस्थाच निरर्थक होईल. त्याच्या दृष्टीने देवांचे अनेकत्व म्हणजे कुळांचे अनेकत्व, जंगलांचे आणि पाणवठ्यांचे अनेकत्व. अद्वैताची सावली मोठी आहे, पण तिच्याखाली येताना लहान देवांना आपले नाव-गाव बाहेर ठेवावे लागते.

याच मर्यादेचे दुसरे रूप 'वेदोक्त धर्मप्रकाश' या त्यांच्या १८५९ च्या ग्रंथात दिसते. जगातील सर्व धर्मांचे मूळ वेदांत आहे आणि इतर मते त्यापासून भ्रष्ट होऊन निघाली, असे प्रतिपादन त्यांनी केले. हा सिद्धान्त इतिहासाच्या कसोटीवर टिकणारा नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या असहिष्णुतेबद्दल ते मिशनऱ्यांना दोष देत होते तीच येथे वेगळ्या वेषात परत आली. आपल्या घरात तेहतीस कोटी देवांना जागा देणारा हा पुरुष शेजाऱ्याच्या धर्माला स्वतंत्र घर देण्यास मात्र तयार नव्हता. शेजाऱ्याचे घर ही आपल्याच वाड्याची पडकी ओसरी आहे, असे तो सांगत होता. एकदा विरोधकाचेच शस्त्र हाती घेतले की त्याची सवयही अंगी भिनते, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

त्याच ग्रंथात दुसरी बाजूही आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. जन्मावरून नव्हे तर गुणकर्मावरून वर्ण ठरावा, स्त्रियांना शिक्षण मिळावे, विवाह प्रौढ वयात आणि परस्परांच्या पसंतीने व्हावा, विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक असावी, परधर्मात गेलेल्यास परत घेता यावे, असे विचार त्यांनी १८५९ मध्ये मांडले. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. सनातन धर्माचा कैवारी म्हणून ज्यांनी त्यांचा जयजयकार केला, त्यांतील अनेकांना हा उपदेश पचणारा नव्हता. मिशनऱ्यांशी वाद घालताना आपल्या घरातील दोष दिसू लागणे, हा या वादाचा कदाचित सर्वांत मोठा लाभ होता.

१८६७ चा निबंध

यानंतरच्या दहा वर्षांत मुंबईने एक विलक्षण चढउतार पाहिला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून तेथील कापूस बंद झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडच्या काळ्या मातीतील बोंडांवर मुंबईत रातोरात धनिक निर्माण झाले, बँका आणि कंपन्या निघाल्या, शेअरबाजार फुगला. १८६५ मध्ये युद्ध संपताच हा सारा डोलारा कोसळला. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. पाठोपाठ १८६६ मध्ये ओरिसात भयंकर दुष्काळ पडला. एकीकडे द्रव्याचा पूर आणि दुसरीकडे अन्नावाचून मृत्यू, असे दृश्य या देशाने इतक्या कमी अवधीत क्वचितच पाहिले असेल.

अशा पार्श्वभूमीवर विष्णुबुवांनी १८६७ मध्ये 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' प्रसिद्ध केला. सर्व प्रजा हे एक कुटुंब आणि राजा त्या कुटुंबाचा कर्ता, ही त्यातील मूळ कल्पना. सर्व जमीन सर्वांची; सर्वांनी मिळून ती कसावी; पिकलेले धान्य गावच्या कोठारात साठवावे आणि ज्याला जेवढी गरज असेल त्याने तेवढे तेथून न्यावे. वस्त्रे आणि अलंकार यांचेही तसेच. प्रत्येकाला त्याच्या योग्यतेचे काम द्यावे. मुले पाच वर्षांची झाली की त्यांचे पालनपोषण व शिक्षण राजाने करावे. एका गावी जे अधिक पिकेल ते आगगाडी आणि तारायंत्र यांच्या साहाय्याने जेथे उणे असेल तेथे पोचवावे. खाजगी मालमत्ता राहिली नाही म्हणजे चोरी, कज्जे आणि लाच यांचे मूळच नाहीसे होईल, असा त्यांचा विश्वास होता. या निबंधाचे इंग्रजी भाषांतर १८६९ मध्ये निघाले.

सन १८६७ हे वर्ष मोठे अर्थपूर्ण आहे. त्याच वर्षी कार्ल मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथाचा पहिला खंड जर्मनीत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईत एकेश्वरवादी प्रार्थना समाजाची स्थापना झाली. त्याच वर्षी मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला आणि वऱ्हाडचा कापूस गाडीने बंदरात जाऊ लागला. या लोहमार्गाने गावाचा माल बाहेर नेला. विष्णुबुवांच्या स्वप्नातील लोहमार्ग मात्र उपाशी गावाकडे धान्य आणणारा होता.

मार्क्स आणि विष्णुबुवा यांची तुलना पुष्कळदा केली जाते. ती जपून केली पाहिजे. विष्णुबुवांपाशी वर्गलढ्याची कल्पना नाही, मूल्याचा सिद्धान्त नाही, इतिहासाचे विश्लेषण नाही. सत्ताधारी स्वतःहून हे सर्व घडवून आणील, ही त्यांची अपेक्षा भाबडी होती. गरज कोणी मोजावयाची, कामचुकाराचे काय करावयाचे, कोठाराचा हिशेब कोणापुढे ठेवावयाचा आणि कोठारावर बसलेला अधिकारीच मालक झाला तर त्याला कोणी आवरावयाचे, या प्रश्नांना निबंधात समाधानकारक उत्तर सापडत नाही. विसाव्या शतकात ज्या देशांनी सामुदायिक शेतीचे प्रयोग सक्तीने केले, तेथे या अनुत्तरित प्रश्नांची किंमत लक्षावधी माणसांनी प्राण देऊन मोजली.

परंतु निबंधाचे महत्त्व त्याच्या आराखड्यात नसून त्यामागील तर्कात आहे. वाळूवरच्या सभांत मिशनऱ्यांनी त्यांना विचारले होते की, सर्व एकच असेल तर नीतीला काय अर्थ राहिला? दहा वर्षांनी लिहिलेला हा निबंध म्हणजे त्या प्रश्नाचेच उत्तर होय, असे मानावयास जागा आहे. सर्व देह एकाच चैतन्याचे असतील, तर एका देहाने अजीर्णाने कण्हावे आणि दुसऱ्याने भुकेने मरावे, हे अद्वैताचे सर्वांत मोठे खंडन आहे. ते कोणा पाद्र्याने केलेले नसून धान्याच्या व्यापाऱ्याने आणि सावकाराने केलेले आहे. वेदान्ताचे एकत्व समाधीत अनुभवून थांबणारे पुष्कळ झाले. ते धान्याच्या कोठारापर्यंत नेण्याचा विचार करणारे विरळा.

याच काळात पुण्यात जोतीराव फुले अगदी वेगळ्या वाटेने जात होते. एक निर्मिक आणि त्याची सर्व लेकरे समान, या एकेश्वरी भूमिकेवरून त्यांनी अनेक देवांच्या नावावर चालणारी भिक्षुकशाही आणि जातिभेद यांवर आघात केला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. मध्ये दलाल असता कामा नये, या आग्रहातून फुल्यांचा एक देव आला. फुल्यांच्या टीकेतील सत्य विष्णुबुवांच्या पक्षाला टाळता येणार नाही. जेथे देव अनेक तेथे पुजारी अनेक, आणि प्रत्येक पुजाऱ्याची दक्षिणा वेगळी, हा लोकांचा रोजचा अनुभव होता. उलटपक्षी एका देवाच्या नावानेही जगात साम्राज्ये उभी राहिली आणि गुलामांचा व्यापार चालला, हेही तितकेच खरे. तेव्हा देवांच्या संख्येवरून समाजाचा न्याय ठरत नाही. दोघांनी दोन टोकांवरून आरंभ केला, पण माणसामाणसांतील समानता हे दोघांचेही गंतव्य होते. मात्र ज्यांच्या पाठीवर ओझे होते त्यांची वेदना फुल्यांना अधिक नेमकी कळली होती, हे नमूद केले पाहिजे.

वारसा कोणता?

१८ फेब्रुवारी १८७१ रोजी मुंबईत विष्णुबुवांचे निधन झाले. त्यांच्यामागे पंथ उरला नाही. चारच वर्षांनी, १८७५ मध्ये, त्याच मुंबईत दयानंद सरस्वतींनी आर्य समाजाची स्थापना केली. वेदांना सर्व ज्ञानाचे मूळ मानूनही त्यांनी मूर्तिपूजा आणि अनेक देवता त्याज्य ठरविल्या. वेदांचा कैवार आणि अनेक देवांचा कैवार ही एकच गोष्ट नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. धर्माभिमान्यांनी विष्णुबुवांचा वाद लक्षात ठेवला आणि निबंध विसरला. समाजवाद्यांनी निबंधाचे कौतुक केले आणि वादाकडे पाठ फिरविली. अर्धा विष्णुबुवा प्रत्येकाच्या सोयीचा ठरला.

त्यांचा खरा वारसा दुहेरी आहे. पहिला, वादाच्या रीतीचा. सुमारे पाच महिने, आठवड्यामागून आठवडा, परस्परांच्या सर्वांत पवित्र गोष्टींवर प्रहार होत असताना हजारो माणसे वाळूवर बसून ऐकत राहिली. कोणाच्या भावना दुखावल्या म्हणून सभा उधळून लावणे ही वादाची रीत मानली गेली नाही. प्रतिपक्ष समोर बसला आहे, त्याला उत्तराचा अधिकार आहे आणि ऐकणाराला स्वतःची बुद्धी आहे, या तीन गोष्टी तेथे गृहीत होत्या. आज व्याख्यानमाला पुष्कळ होतात, परंतु बहुतेक ठिकाणी वक्ता आणि श्रोता आधीच एकमताचे असतात.

दुसरा वारसा कसोटीचा. देव एक की अनेक, याचा निर्णय तर्काने पूर्णपणे लागेल असे वाटत नाही. सेल्ससपासून विष्णुबुवांपर्यंत तो लागलेला नाही. पण एखादी श्रद्धा माणसाला शेजाऱ्याच्या भुकेपर्यंत नेते की नाही, हे मात्र पाहता येते. ज्या जिल्ह्यातील कापसाने एके काळी मुंबईचे धनिक घडविले, त्या यवतमाळचे नाव गेल्या तीन दशकांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर ऐकू येत राहिले. पंतप्रधानांनी २००६ मध्ये विदर्भाचा दौरा करून ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, तरी तो प्रश्न संपला नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरात कोणाचा देव चिंतामणी होता, कोणाचे देव सात होते, कोणाचा एकच होता. सावकाराच्या वहीत मात्र या फरकाची कोठेही नोंद नव्हती.

विष्णुबुवांचे कोठार प्रत्यक्षात आले नाही, आणि जसेच्या तसे ते येऊही नये. परंतु ज्या गावात प्रत्येक देवाला स्वतंत्र देऊळ आहे, त्या गावात सर्वांसाठी एक धान्याची कोठी का असू नये, हा त्यांचा प्रश्न दीडशे वर्षांनंतरही उभा आहे. देवांचे अनेकत्व मान्य करणाऱ्याने त्याचे उत्तर दिले पाहिजे, आणि एकाच देवाला मानणाऱ्यानेही.